प्रिंटरच्या हिशेबात दसरा धरला नव्हता

सुरुवातीलाच माफी मागून ठेवते. माझी शाळा चौथीपर्यंतची. ऱ्हस्व-दीर्घाची नीट ओळख व्हायच्या आधीच ती सुटली. अक्षर तर असं, की मी लिहिलेली किराण्याची चिठ्ठी दुकानदार मलाच वाचायला परत पाठवायचा. पण हिवरखेडच्या रुख्सानानं ठरवलं आहे की या वर्षी बायकांनी बायकांचा दिवाळी अंक काढायचा, आणि त्यात मी माझ्या धंद्याबद्दल लिहायचं. चारचौघांत बोलायची पाळी आली की माझी जीभ टाळूला चिकटते. म्हणून आधी माझ्यापुरतं लिहून पाहते. बरं वाटलं तर तिला देईन. शुद्धलेखन ती सुधारून घेईल, तसं तिनं कबूल केलं आहे. बाकीच्या चुका माझ्याच राहू दे, असं मी तिला सांगितलं आहे.

माझा धंदा म्हणजे प्रिंटरच्या डब्यात काळी पावडर भरायचा. आमच्या यांचं अकोटात टाइपरायटर दुरुस्तीचं दुकान होतं. टाइपरायटर गेले, प्रिंटर आले, तसे हे प्रिंटर दुरुस्त करायला शिकले. पण त्या पावडरीनं यांना खोकला धरायचा. डॉक्टर म्हणाले, एकतर पावडर सोडा नाहीतर मला सोडू नका. मग पावडर भरायचं काम माझ्याकडे आलं. मागच्या अंगणात, न्हाणीशेजारी, तोंडाला ओला फडका बांधून मी बसायची. संध्याकाळी हातपाय असे व्हायचे की शेजारीण तिच्या सुनेला विचारायची, "काय व, मंदाबाईनं कोळशाची वखार टाकली काय?"

ज्यांनी ही पावडर पाहिली नाही त्यांना सांगते. लेझर प्रिंटरमध्ये शाई नसते. रांगोळीपेक्षा बारीक अशी काळी भुकटी असते. आत एक गुळगुळीत नळी असते, तिला ड्रम म्हणतात. केसांवर कंगवा घासला की तो कागदाचे कपटे उचलतो ना, तसा हा ड्रम विजेच्या जोरावर भुकटी उचलतो आणि कागदावर अक्षराच्या जागी नेमकी ठेवतो. पुढे गरम रूळ असतो, तो इस्त्री फिरवल्यासारखी ती भुकटी कागदावर वितळवून चिकटवतो. झालं पान. मला हे कुणी पुस्तकातून शिकवलं नाही. माझी एक चांगली साडी शिकवून गेली. पदरावर पावडर सांडली होती. मी शहाणी, डाग जावा म्हणून साडी कढत पाण्यात टाकली. गरम लागलं की ही भुकटी पक्की होते हे मला काय माहीत? डाग तर गेलाच नाही, उलट पदरावर जन्माचा छापून बसला. ही पावडर झटकायची आणि थंड पाण्यानं धुवायची असते. ती साडी अजून पेटीत आहे. यांनी तिचं नाव 'पहिली प्रिंट' असं ठेवलं.

गिऱ्हाईकं तऱ्हेतऱ्हेची. शिकवण्या घेणारे एक गुरुजी होते. डबा संपत आला की तो काढून औषधाच्या बाटलीसारखा हलवायचे आणि पुन्हा घालायचे. हलवल्यानं कोपऱ्यातली पावडर सरकते आणि थोडी पानं जास्त निघतात, हे खरं आहे. पण गुरुजी रोज हलवायचे. शेवटी डबा माझ्याकडे यायचा तेव्हा त्यात पावडर तर राहोच, वासही नसायचा. मोर्शीकडचे एक संत्र्यांच्या बागेचे मालक होते. त्यांच्या घरी शाईचा रंगीत प्रिंटर होता. वर्षातून दोनदा वापरायचे. प्रत्येक वेळी शाई वाळलेली, प्रत्येक वेळी नवीन डबी. ते वैतागून आले, "मले असा द्या, जो सहा महिने झोपला तरी उठवल्यावर उठन." मी त्यांना सगळ्यात स्वस्तातला लेझर घ्यायला सांगितलं. भुकटी आधीच कोरडी, ती आणखी काय वाळणार? त्यांचा पहिला डबा कितीतरी वर्षं पुरला. ते गिऱ्हाईक म्हणून माझ्या काही कामाचे राहिले नाहीत, पण दर हंगामाला संत्री पाठवायचे.

'मी सांगितलं' असं लिहिते आहे, पण तसं नव्हतं. मी परक्या माणसाशी बोलत नसे. गिऱ्हाईक ओट्यावर, हे खुर्चीवर आणि मी दाराच्या पडद्याआड. गिऱ्हाईक विचारायचं, "स्वस्त कोणता पडन?" मी पडद्याआडून यांना म्हणायची, "त्यांना विचारा, महिन्याला पानं किती काढता?" हे वळून त्यांना विचारायचे, "महिन्याला पानं किती?" तो माणूस हातभर अंतरावर बसलेला, त्याला माझं सगळं ऐकू जायचं, तरी तोही यांनी विचारेपर्यंत थांबायचा. असा आमचा कारभार.

आणि खरं सांगते, त्या एका प्रश्नातच सगळं आहे. लोक दुकानात जाऊन मशीनची किंमत विचारतात. आमच्याकडे म्हैस घेणारा जाणता माणूस ती ढेप, म्हणजे सरकीची पेंड, किती खाते ते आधी विचारतो. म्हैस एकदा घ्यायची असते, ढेप रोज घालायची. प्रिंटरचं तसंच. स्वस्त मशीनमध्ये पावडर आणि ड्रम एकाच डब्यात असतात. डबा लहान, आणि नव्या मशीनबरोबर येतो तो तर अर्धाच भरलेला, लग्नातल्या वानोळ्यासारखा. संपला की नवा डबा घ्या. अशा दोन-तीन डब्यांत मशीनची किंमत निघून जाते. माझ्याकडे भरून नेला तर बरंच वाचतं, पण दोन-तीनदा भरल्यावर ड्रम घासतो आणि पान मळकट यायला लागतं. महागाच्या मशीनमध्ये पावडरीचा डबा वेगळा, ड्रम वेगळा. डबा मोठा. ड्रम कितीतरी डबे चालतो, मात्र तो बदलायची वेळ आली की एकदम खिसा कापतो. पानं थोडी असतील तर स्वस्तातली घ्या, डोळे मिटून. पानं रोजची असतील तर महागाची. वर्षाच्या आसपास दोन्ही सारख्या होतात, आणि मग महागाची मशीन घराला पैसे देऊ लागते. वीजही धरायची. आमच्याकडे दाब इतका कमी, की प्रिंटर पान टाकायचा तेव्हा घरातला दिवा डोळा मारायचा.

आता हिवरखेडची गोष्ट.

हिवरखेड माझं सासरचं गाव. माझ्या मोठ्या नणंदबाई, विमलबाई, तिथंच दिलेल्या. त्या बायकांच्या बचत गटाच्या अध्यक्षा. गावातला कुत्राही त्यांना विचारून भुंकायचा. ती वर्षं वाईट होती. एका साली पाऊस नाही, एका साली बोंडअळी, तिसऱ्या साली भाव नाही. आमच्या भागात एक गंमत आहे, रडकी गंमत: ज्या वर्षी कापूस पिकत नाही त्या वर्षी कागद पिकतात. पंचनाम्याचा अर्ज, विम्याचा अर्ज, अनुदानाचा अर्ज, सातबारा, हमीपत्र, पुन्हा अर्ज. एकेका कागदासाठी माणसं एसटीनं अकोटाला यायची, दिवसभर रांगेत थांबायची आणि सही राहिली म्हणून परत जायची.

त्याच गावात रुख्साना. तिचा नवरा अकोल्याला गॅरेजात कामाला, आठवड्यातून एकदा घरी यायचा. रुख्साना स्वतः हुशार, अकोटात कॉम्प्युटर शिकलेली. भावानं दिलेला जुना कॉम्प्युटर घरात होता. ती गटात म्हणाली, "मले फक्त प्रिंटर घेऊन द्या. गावाचे कागद गावातच निघतीन. हप्त्याहप्त्यानं पैसे फेडीन." गटाचे पैसे म्हणजे बायकांनी निंदण-खुरपणातून, दुधातून, कोंबडीच्या अंड्यातून बाजूला काढलेले. पैसे द्यायला सगळ्या तयार होत्या, पण कोणती मशीन घ्यायची यावरून दोन सभा झाल्या. तिसऱ्या सभेला मी काही कामानं गावात होते. मागे, धान्याच्या कणगीला टेकून बसले होते.

विमलबाईंच्या हातात अकोल्याच्या कुठल्याशा दुकानाचं पत्रक होतं. "हे पाहा. ही मशीन त्या दुसऱ्या मशीनीच्या अर्ध्याहून कमी पैशात भेटते. उरलेल्या पैशात टेबल येते, खुर्ची येते. आनी काय पायजे?" मग त्यांची नजर माझ्यावर पडली. "मंदा, तू तं रोज हेच काळं करते. सांग बरं."

सगळ्या वळून पाहू लागल्या. पडदा नव्हता, हे नव्हते.

"महागाची घ्या," मी म्हटलं.

"अं? जोऱ्यानं बोल व, पोटातल्या पोटात काय बोलते?"

"महागाची."

"काहून? दुकानवाला तुले कमिशन देते काय?"

हशा झाला. रुख्साना माझ्याकडे टक लावून बसली होती. मला ड्रम, डबा, पानं असं सगळं सांगायचं होतं, पण त्यातला एक शब्द बाहेर येईना. शेवटी जे तोंडात आलं ते बोलले. "बाई, तुमची ती भुरी म्हैस?"

ती भुरी म्हैस गावाला पाठ होती. बाजारातून अर्ध्या किमतीत आणली म्हणून विमलबाईंनी पेढे वाटले होते. ती दूध द्यायची तांब्याभर आणि ढेप खायची पोतंभर. शेवटी ढेपीच्याच उधारीत विकली. मग एक म्हातारी फस्सकन हसली, आणि तिच्यामागे सगळ्या.

"सस्तातली मशीन म्हंजे भुरी म्हैस काय, भाभी?" रुख्सानानं विचारलं.

"हो. दिवसाला पन्नास-शंभर पानं काढशील तर हो."

विमलबाईंनी पत्रकाची घडी घातली. त्या हसल्या नव्हत्या. "ठीक आहे. घ्या म्हागाची. पन मंदा, एक ध्यानात ठेव. ह्या पोरीचा हप्ता अटकला, तं तुह्याकडून घेईन. गटाचा पैसा आहे, भावजय-बिवजय मी पायनार नाही."

मी मान हलवली. चारचौघांत इतकं बोललेली होते, की मान हलवण्यापलीकडे ताकद उरली नव्हती.

मशीन आली. दिवसा बारा-बारा तास वीज नसायची. आली की रुख्सानाच्या अंगणात माणसं जमायची. ती नुसते कागद छापत नसे. आधी अर्ज मोठ्यानं वाचून दाखवायची. "काका, इथं गट नंबर चुकला. आजी, अंगठा इथं नाही, तिथं." मग छापायची. हप्ते वेळेवर येऊ लागले. मी घरी बसून मनात दोन्ही मशिनींची शर्यत लावली होती. स्वस्तातली घेतली असती तर आत्तापर्यंत इतके डबे लागले असते, महागाच्याला इतकेच लागले. आणखी थोडे महिने गेले की आपली पुढे. भाकऱ्या थापताना मला तेवढाच विरंगुळा होता.

मग दसरा आला.

आमच्याकडे दसऱ्याला हत्यारांची पूजा करतात. नांगर, कोयता, सायकल, शिलाई मशीन, जे पोटाला देतं ते. मी दुपारी हिवरखेडला पोचले तर प्रिंटरवर झेंडूची माळ, कुंकवाचं बोट, शेजारी रुख्सानानं लावलेली अगरबत्ती. मला ते पाहून बरं वाटलं. आपट्याची पानं देऊन-घेऊन मी संध्याकाळच्या गाडीनं परतले.

दोन-तीन दिवसांनी रुख्साना अकोटात आमच्या दारात. कडेवर सहा महिन्यांचं लेकरू घ्यावं तसं दुलईत काहीतरी गुंडाळलेलं. मी घाबरले. दुलई उघडली तर आत ड्रम.

"भाभी, हर कागदावर काळे ठिपके येऊन राहिले. एका खाली एक. पावडर नवीन आहे. कागद बी बदलून पायला."

तिनं पान दाखवलं. डाव्या कडेनं, सारख्या सारख्या अंतरावर, मिऱ्याएवढे तीन ठिपके. मला पाहताक्षणी कळलं. असं सारख्या अंतरावर काही उमटलं की समजायचं, ड्रम जखमी आहे. तो गोल फिरतो, जखम प्रत्येक फेरीला पुन्हा कागदावर येते. मी ड्रम उजेडात धरला. एका टोकाला ओरखडा. डब्याची बैठक हलवली आणि आतून माझ्या हातावर काहीतरी पडलं. तांदळाचा दाणा. हळदीचा, पिवळाधमक.

मी तो दाणा तिच्यापुढे धरला.

"अक्षता मशीनच्या आत कशा गेल्या?"

रुख्सानानं कपाळाला हात लावला. "बाईनं मशीनीचं तोंड उघडाले लावलं. म्हने, गायीची पूजा करताना नुस्तं शिंगाले कुकू लावत नाहीत, तोंडात घासबी द्या लागते."

"आणि तू उघडलंस?"

"मंग? गटाच्या अध्यक्षाले नाही कसं म्हनू? आन भाभी, माह्या मशीनले कोनाचीबी दुवा चालन. पन तांदूळ खाईन असं नव्हतं वाटलं."

यांनी कंपनीच्या माणसाला फोन लावला. हमीमध्ये बसतं का विचारलं. तो म्हणाला, "आत नेमकं काय गेलं?" हे म्हणाले, "तांदूळ." त्यानं ते पुन्हा एकदा विचारून घेतलं. मग म्हणाला, "साहेब, मशीन स्वयंपाकघरात आहे का?" हमीत बसत नव्हतं. नवा ड्रम म्हणजे जवळजवळ अर्ध्या मशीनचे पैसे. माझ्या मनातली शर्यत तिथंच उताणी पडली. मी पावडर धरली, वीज धरली, ड्रमची झीज धरली, वाया जाणारी पानं धरली. दसरा धरला नव्हता. आणि गंमत अशी, की स्वस्तातली मशीन असती तर पुढच्या डब्याबरोबर नवा ड्रम आपोआप आला असता. अक्षता खायला तीच बरी होती.

ड्रम घेतला तर तीन-चार हप्ते बुडणार. न घेतला तर ठिपक्यांचे कागद कोण घेणार? रुख्साना अंगणात बसून रडली. मला म्हणाली, "बाईले सांगू नोका. त्याईले वाईट वाटन."

मी ते पान हातात घेऊन बसले होते. कचेरीतल्या फायली मी पाहिलेल्या होत्या. डाव्या कडेला तीन बोटं जागा मोकळी सोडतात, तिथं भोक पाडून दोरी ओवतात. दोरीखाली काय आहे ते कोण पाहतं? मी रुख्सानाला विचारलं, "तुला मजकूर उजवीकडे सरकवता येतो का?"

तिनं डोळे पुसले. "येते ना. समास वाढवाचा."

"मग वाढव. ठिपके दोरीखाली जातील. पैसे जमतील तेव्हा ड्रम घेऊ."

ती जायला निघाली तेव्हा दाणा मी कागदाच्या पुडीत बांधून ठेवला. का ठेवला, तेव्हा माहीत नव्हतं.

समासाची युक्ती चालली, पण लोकांना दिसायचं ते दिसत होतं. काही माणसं कुरकुरली, काही पुन्हा अकोटाच्या एसटीत बसू लागली. हप्ता आला, पण उशिरा आला. त्या महिन्याच्या सभेला विमलबाईंनी मला निरोप पाठवून बोलावून घेतलं आणि सगळ्यांसमोर सुरू झाल्या.

"काय व मंदा, हेच काय तुही म्हागाची मशीन? सहा महिन्यांत तिले देवी निंगाल्या! कागदाच्या तोंडावर फोड आले! आमची भुरी म्हैस बरी, तिच्या दुधात ठिपके तं नव्हते!"

या वेळी सगळ्या त्यांच्या बाजूनं हसल्या. रुख्साना खाली मान घालून होती, आणि पदराआडून मला हातानं खुणावत होती, नको, नको. बोलता येत नव्हतं म्हणूनच असेल, मी उठले, बाईंपाशी गेले आणि ती पुडी त्यांच्या हातावर उघडली.

त्यांनी दाणा पाहिला. बोटानं फिरवला. नाकाजवळ नेला. "हा तं माह्या घरचा चिन्नोर तांदूळ आहे."

"मशीनच्या पोटात निघाला," मी म्हटलं. हळूच, त्यांनाच ऐकू जाईल इतकं.

विमलबाई बोलायच्या थांबल्या, असं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. त्यांनी दाणा मुठीत धरला. रुख्सानाकडे पाहिलं. बाकीच्या विचारू लागल्या, "काय आहे व? काय आहे?"

"काही नाही," बाई म्हणाल्या. "प्रसाद आहे." आणि सभा संपवली.

पुढचं मला रुख्सानाकडून कळलं. दुसऱ्या दिवसापासून विमलबाई गावभर फिरू लागल्या. पाणवठ्यावर, दळणाच्या गिरणीवर, एसटीच्या थांब्यावर. "अवो, ते ठिपके साधे नाहीत. दसऱ्याच्या पूजेची मशीन आहे ते. ज्या कागदावर तीन ठिपके, तो कागद साहेब वापस करत नाही. पाहून घ्या." आता गंमत पाहा. रुख्साना अर्ज वाचून, तपासून छापत होती, त्यामुळे तिचे अर्ज सहसा परत येतच नसत. ते आधीपासूनच होतं. पण लोकांना पूर्वी कारण सापडत नव्हतं, ते आता सापडलं. महिन्याभरात शेजारच्या गावांतून माणसं येऊ लागली. "ते ठिप्पेवाला कागद द्या." एक म्हातारबा तर स्वतःच्या मुलाच्या लग्नाची पत्रिका घेऊन आला, तिच्यावरही ठिपके हवेत म्हणून. "सोयरे लय कटकटीचे हायेत, पास झाले पायजेत."

खोटं होतं का ते? मी बरेच दिवस विचार केला. देवाचं नाव घेऊन बायका काहीही खपवतात, असं हे म्हणाले. पण त्या वर्षांत माणसं कचेरीत जातानाच हरलेली असायची. हातातल्या कागदावर तीन ठिपके आहेत म्हणून जर कुणी ताठ मानेनं खिडकीपाशी उभं राहत असेल, तर मी कशाला बोलू? एक मात्र वाईट वाटतं. वाचून दाखवायचं काम रुख्सानाचं, आणि नाव ठिपक्यांचं झालं. ती हसायची. म्हणायची, "भाभी, नाव ठिपक्याचं होऊ द्या, हप्ता माहा होऊन राहिला."

पैसे जमल्यावर नवा ड्रम आणला. आम्ही दोघं गेलो, यांनीच बसवला. पान आलं, पांढरंशुभ्र, निर्मळ. आम्ही तिघं खूश. रांगेतला पहिला माणूस पान उलटसुलट करून म्हणाला, "पोरी, ठिप्पे कुठं गेले?"

"काका, मशीन सुधरली."

"सुधरली? मंग पयलेवाली काहून नाही ठेवली? मले हा कागद नाही पायजे."

दुसरा तसाच, तिसरा तसाच. दोन दिवसांत रांग ओसरली. तेव्हा रुख्सानानं कॉम्प्युटरमध्येच डाव्या कडेला, जुन्या पानावर मोजून, तीन ठिपके काढले आणि प्रत्येक अर्जासोबत छापू लागली. मी माझ्या हिशेबात ठिपक्यांची पावडर वेगळी धरली. हजार पानांमागे चिमूटभरसुद्धा नाही, पण धरली. आता मी सगळंच धरायची.

आणि ती शर्यत? तांदळाच्या दाण्यानं महागाची मशीन बरीच मागे पडली, पण हरली नाही. ढेप कमी खाणारी म्हैस एकदा आजारी पडली म्हणून ती वाईट ठरत नाही. ठरल्यापेक्षा उशिरा, पण ती पुढे गेली. रुख्सानाचे हप्ते त्यानंतर एकदाही अडले नाहीत, आणि माझ्याकडे कुणी मागायला आलं नाही.

शेवटच्या हप्त्याची सभा नेमकी पुढच्या दसऱ्याच्या आदल्या दिवशी आली. सभा रुख्सानाच्या घरी होती, मी मुद्दाम गेले. या वेळी मागे टेकून बसले नाही, पुढे बसले. मशीनची पूजाही त्याच दिवशी उरकायची म्हणून विमलबाईंच्या ताटात हळद होती, कुंकू होतं, झेंडू होता. अक्षता नव्हत्या. त्यांनी कुंकवाचं बोट प्रिंटरच्या वायरीच्या खटक्याला लावलं, तेही वीज गेल्याची खात्री करून. मशीनच्या तोंडाकडे त्यांनी पाहिलंही नाही. माझ्याकडे मात्र एकदा पाहिलं.

रुख्सानानं पैसे दिले. बाईंनी मोजले, शेजारणीकडून मोजून घेतले, पुन्हा स्वतः मोजले. "सारे आले," त्या म्हणाल्या. "मशीन आता तुही." रुख्सानानं मशीनवरून एकदा हात फिरवला. म्हणाली, "बाई, पावती मी माह्याच मशीनवर छापते, तुमी सही करा."

वीज यायची वाट पाहत आम्ही बसलो. आली. दिव्यानं डोळा मारला, पान बाहेर आलं. गटाचं पान, म्हणून रुख्सानानं साधंच छापलं होतं. 'सर्व रक्कम पूर्ण मिळाली', आणि खाली सहीची जागा.

विमलबाईंनी चष्मा लावला. पान वाचलं. मग डाव्या कडेवर वरून खाली बोट फिरवलं. पुन्हा फिरवलं. त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"याच्यावर ठिपके नाही," त्या म्हणाल्या. "मी सही नाही करत. उद्या कोनी मानलं नाही तं?"

मी रुख्सानाकडे पाहिलं, रुख्सानानं माझ्याकडे. कुणीच हसलं नाही. तिनं पावती पुन्हा छापली, तीन ठिपके आले, आणि बाईंनी सावकाश, सुबक सही केली. पैसे पूर्ण फिटले. एक पान वाया गेलं, तेवढं मी हिशेबात धरलं.